तात्यांनी हात वर केला

"ती खुर्ची सोडून कुठंबी बस," तात्या म्हणाले.

नगरपालिकेच्या सभागृहात माझा तो पहिलाच दिवस. इस्त्रीची साडी आणि हातात नवी पर्स. अध्यक्षांच्या टेबलासमोर, दाराजवळच्या कोपऱ्यातली खुर्ची मला बरी वाटली होती. कोणी वेडंवाकडं बोललंच तर तिथून पटकन बाहेर सटकता आलं असतं. पण तात्या समोर उभे राहिले आणि मला उठवूनच थांबले. बायकांसाठी राखीव जागा झाल्या तेव्हा माझ्या घरी येऊन, माझ्या सासऱ्यांशी वाद घालून, मला निवडणुकीला उभं करणारा हाच माणूस. आता मला खुर्चीवरून उठवत होता. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, म्हाताऱ्याला त्या खुर्चीचा भारी सोस. मलाही तसंच वाटलं.

भुजंग काशीद त्यांचं नाव, पण ते फक्त मतपत्रिकेवर. गावाला ते तात्याच. मिलच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणारे साचे ओळीने धडधडत असतात त्या खात्यात, त्यांचा जन्म गेला. पहिली पाळी सुटली की अंगावरचा कापूस झटकायचा, नळावर तोंड धुवायचं आणि नगरपालिका गाठायची. नगरपालिका नसेल त्या दिवशी मैदान. किती वेळा निवडून आले ते त्यांचं त्यांनाही आठवत नसे. गटार तुंबलं तरी तात्या, नळाला पाणी नाही आलं तरी तात्या, आणि लग्नात रुसलेला व्याही आणायचा असला तरी तात्याच. फुकटचं काम सांगायला माणूस मिळाला की आपली माणसं त्याला उसंत घेऊ देत नाहीत, हे मी तिथे पाहिलं.

त्यांचा खरा जीव मात्र मैदानात. मिलच्या भोंग्याखाली नगरपालिकेची एक मोकळी जागा होती, तिला आम्ही भोंगा मैदान म्हणायचो. एके काळी तिथे फक्त बाभळी आणि उकिरडा होता. तात्यांनी साचेखात्यातली माणसं जमवून तो उपसला, माती चाळली, कबड्डीचं क्रीडांगण आखलं. पुढे पोरांना झोपाळे आले, म्हाताऱ्यांना बाकडी आली, आणि संध्याकाळी एक तास बायका-मुलींचा ठरला. त्या तासाला मैदानात पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. तात्या स्वतः फाटकाबाहेर स्टूल टाकून बसायचे. मी खो-खो तिथेच शिकले. लग्न झाल्यावरही खेळत राहिले, आणि त्यावरून घरात जे काही ऐकून घेतलं ते सांगायला वेगळी बैठक लागेल.

कबड्डीचे पंच तात्याच. मधल्या रेषेपाशी उकिडवे बसून ते चढाईला गेलेल्या गड्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. त्याचा 'कबड्डी कबड्डी' चा दम एका क्षणासाठी तुटला तरी यांची शिट्टी वाजलीच. हजार माणसांचा गलका असो, तात्यांच्या कानातून दम सुटत नाही, असं बाहेरगावचे संघसुद्धा म्हणत.

साच्यांच्या धडधडाटात माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. म्हणून मिलमधली माणसं आवाज न करता, नुसते ओठ हलवून बोलतात. माझी आईही मिलमध्येच होती, साच्यांसाठी सुताच्या कांड्या भरायची. ती आणि तिच्या मैत्रिणी चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तासन्‌तास मुक्या गप्पा मारायच्या. सासू शेजारी बसलेली असताना सासूचीच उणीदुणी काढायची सोय दुसऱ्या कुठल्या भाषेत आहे सांगा. मी तिच्याकडूनच हे मुकं बोलणं उचललं. सभेत तात्या त्याचा उपयोग करून घेत. बायकांची रांग समोरच्या भिंतीला होती. तिथे मी घाबरून बसले की ते आपल्या कोपऱ्यातून ओठ हलवायचे. ऊठ. नकाशा माग. बस आता, लई बोललीस. मी तसं करायची आणि लोक म्हणायचे, मालन घाडगे तयार झाली हं.

त्या वर्षी नगराध्यक्ष सदानंद खर्डेकर यांनी भोंगा मैदानावर दुकानगाळे बांधायचं काढलं. खर्डेकर वाईट माणूस नव्हता. नगरपालिकेला उत्पन्न हवं, मिल आज आहे उद्या नाही, पोरांना धंदा करायला जागा हवी, असं तो मनापासून म्हणायचा. पण मैदान एकदा सिमेंटखाली गेलं की परत येत नाही. तात्या घरोघर फिरले. ज्या सदस्यांशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याकडेही गेले, त्यांचा चहा प्याले. शेवटी हिशेब असा आला की सगळे आपापल्या शब्दाला जागले तर खर्डेकरांचा ठराव एका मताने पडेल. एका मताने म्हणजे कोणाला सर्दी झाली तरी मैदान गेलं. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांच्या तब्येतीची जितकी चौकशी केली तितकी सख्ख्यांची कधी केली नाही.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या बाकांवर कबड्डीचा अख्खा संघ येऊन बसला होता. कप्तान शिवलिंग माळगे, मिलच्याच रंगखात्यातला ऐन उमेदीचा गडी, हाताची घडी घालून अध्यक्षांकडे असा बघत होता की जणू चढाईलाच निघालाय. मैदानाचे दोन विषय होते. आधी तात्यांचा, मैदानाला कुंपणाची भिंत घालायचा. त्यानंतर खर्डेकरांचा, गाळ्यांचा.

खर्डेकरांनी त्या दिवशी भिंतीवर गाळ्यांचा मोठा रंगीत नकाशा लावला होता. एरवी ते खुर्चीत बसून बोलायचे. त्या दिवशी हातात छडी घेऊन उठले, आमच्याकडे पाठ केली आणि नकाशावर छडी फिरवत बोलू लागले. मैदान कुठे, रस्ता कुठे, गाळे कुठून कुठपर्यंत. मध्येच म्हणाले की गाळे मंजूर झाले तर कुंपणाची गरजच उरत नाही, तेव्हा गाळ्यांचा विषय आधी घेऊ. तसंच पाठमोरं राहून त्यांनी ठराव वाचला, आणि मग वळून म्हणाले, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

खर्डेकरांच्या माणसांचे हात वर गेले. आणि तात्यांचाही गेला, नजर अध्यक्षांच्या तोंडावरून न हलवता.

कोपरात न वाकलेला, सरळ, ताठ हात. मला वाटलं, माझे डोळे फिरले. हेडक्लार्कने मोजणी केली, थांबला, पुन्हा केली. खर्डेकरांनाही विश्वास बसेना. त्यांनी तात्यांकडे बघून मान किंचित झुकवली, आभार मानल्यासारखी. ठराव एका मताने मंजूर झाला.

मागच्या बाकांवर गलका उठला. शिवलिंग उभा राहून ओरडला, "तात्या, कितीला विकला गेलात?"

आणि तात्या मागे वळून त्या सगळ्यांकडे बघून हसले. नुसते हसले नाहीत, दोन्ही हात जोडले आणि मान हलवली, घ्या पोरांनो, झालं तुमचं काम, अशी. चेहऱ्यावर असा आनंद की घरात पाळणा हलला असावा. शिवलिंग मटकन खाली बसला. एवढी निर्लज्ज माणसं असतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं असणार. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. या माणसाच्या शब्दावर मी घर सोडून या पुरुषांच्या घोळक्यात येऊन बसले होते.

मी जागेवरून उठले आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. तात्या, म्हणून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. शेजारचे दोन सदस्य वळून बघायला लागले, पण तात्या आपले समोर बघत मांडीवर बोटं वाजवत बसले होते. चोरी पकडली गेलेल्या माणसाने तोंड चुकवावं तसं हे मुद्दाम करताहेत, असं मला वाटलं आणि डोक्यात तिडीक गेली. तणतणत मी माझ्या खुर्चीत येऊन बसले. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच हसू.

आईने शिकवलेली भाषा तोंडात आली. ओठ हलवले, आवाज न करता. "लाज नाही वाटत?"

उत्तर तिथल्या तिथे आलं, तसंच मुकं. "कशाची?"

"गाळ्यांना मत दिलंत."

"कुंपणाला दिलं."

"कुंपणाचा विषय निघालाच नाही. गाळे आधी घेतले."

त्यांचं हसू तिथेच विझलं. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग हेडक्लार्ककडे, मग माझ्याकडे. "अध्यक्ष काय बोलले?" त्यांनी विचारलं.

ते अध्यक्षांच्या पुढ्यात बसले होते आणि मी दुसऱ्या टोकाला. तरी मलाच विचारत होते, अध्यक्ष काय बोलले. पाठीमागून दोनदा मारलेली हाक. सगळ्यांची तोंडं दिसतील अशी ती कोपऱ्यातली खुर्ची. गड्याच्या ओठांवर खिळलेले डोळे. एकेक गोष्ट माझ्या डोक्यात धडाधड बसत गेली. साच्यांनी तात्यांचे कान कधीच खाल्ले होते. गावाला त्याचा पत्ता नव्हता.

मी काय करणार होते? एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत बुडत होता. मी ओठ हलवले, "सांगा, पाणी मागायला हात वर केला होता."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग लक्ष नव्हतं म्हणा."

"लक्ष नसलेल्याला दुसऱ्यांदा कोण मत देऊ दील?" ते ओठांनीच म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

तात्यांनी मत पुन्हा घ्यायची मागणी केली. खर्डेकर नरमाईनेच बोलले. हात सगळ्यांनी पाहिलाय, आता माघार घेणं तात्यांसारख्या जुन्या सदस्याला शोभत नाही, असं काहीसं. मुख्याधिकारी कुलथे परगावचे, कायद्याचा माणूस. त्यांनी सांगितलं की एखाद्या सदस्याला ठराव ऐकूच गेला नसेल तर अध्यक्ष तो पुन्हा वाचून मत घेऊ शकतात, पण तसं त्या सदस्याने स्वतः म्हणायला हवं. त्यावर खर्डेकरांच्या बाजूचा एकजण हसून म्हणाला, अध्यक्षांचा आवाज बाजारपेठेपर्यंत जातो आणि तात्या तर समोर बसलेत. बरेच लोक हसले. तात्यांनी प्रत्येकाचं तोंड वाचलं. ते काय गमावायला निघाले होते हे त्या वेळी त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं. बहिऱ्या माणसाला मत कोण देणार होतं? आणि बहिरा पंच कोणता संघ मानणार होता?

"मला ऐकू येत नाही, अध्यक्ष," तात्या म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसल्यासारखं, फार मोठ्याने. "आज न्हाई. लई वर्षं झाली."

कोणी हसलं नाही. मागे शिवलिंगचं तोंड उघडं राहिलं होतं. खर्डेकरांनी छडी टेबलावर ठेवली. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, मला सांगता यायचं नाही, दोन्ही असेल.

"मग इतकी वर्षं तुम्ही कशावर हात वर करत होतात, तात्या?"

"बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत हुतो. आज तुमी भिंतीकडं तोंड केलंत."

खर्डेकरांची माणसं त्यांना खुणावत होती, सोडू नका, ठराव मंजूर झालाय. पण मग त्यांनी जे केलं ते मी आजही त्यांच्या बाजूला मांडते. ठरावाचा कागद घेऊन ते चालत तात्यांच्या खुर्चीपुढे आले, समोर उभे राहिले आणि एकेक शब्द सावकाश सोडत सगळा ठराव पुन्हा वाचला. वाचून झाल्यावर विचारलं, "पोचलं?"

"पोचलं," तात्या म्हणाले.

पुन्हा हात वर झाले. तात्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. ठराव एका मताने पडला.

बाहेर आल्यावर टाळ्या पडतील, पोरं खांद्यावर घेतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. माणसं तात्यांपासून जरा अंतर राखून उभी राहिली. जवळ येईल तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायला लागला. लई बरं झालं तात्या. मैदान राहिलं तात्या. सकाळपर्यंत ज्यांच्याशी साध्या आवाजात बोलत होते त्यांच्या कानात आता आरोळ्या. तात्या प्रत्येकाला मान डोलावत होते, पण चेहरा पडत चालला होता.

शिवलिंग पुढे आला. त्याला पाया पडायचं होतं आणि धीर होत नव्हता. त्याने विचारलं ते भलतंच. "तात्या, मग दम सुटलेला तुमाला कळायचा कसा?"

"व्हट थांबले की दम सुटला," तात्या म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून शिट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली. "आता माझा निवाडा कोण मानंल? ऐतवारच्या सामन्याला दुसरा पंच बघा." शिवलिंग नको नको म्हणत राहिला, पण तात्यांनी त्याची मूठ मिटवली आणि चालू लागले. मला फार वाईट वाटलं. मैदान वाचवायला गेलेला माणूस मैदानाबाहेर निघाला होता.

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले. बातमी आमच्या आधी पोचली होती. मिलच्या चाळीत बातमीला पाय लागत नाहीत. सगुणाकाकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. आम्ही समोर उभे राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

"घरातून हाक मारायची मी," त्या तांदळाकडे बघत बोलल्या. "पाणी तापलंय म्हणून. जेवाय वाढलंय म्हणून. पोरगी शाळंत पहिली आली त्या दिशी तर किती हाका मारल्या. वाटायचं, मानूस सभेत बोलतो, मैदानात बोलतो, घरात मातुर ओ देत नाही. मन उडालं म्हनलं ह्यांचं. मग मी बी हाक मारायची सोडली."

तात्या त्यांच्याकडेच बघत होते, पण खाली घातलेल्या मानेमुळे त्यांना यातला एक शब्दही कळला नव्हता. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला ते ओठांवर आणवेना. मी नुसतं काकूंच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "काकू, वर बघून बोला."

काकूंनी वर पाहिलं. डोळे भरले होते. त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, आता तात्यांच्या तोंडावर, रागाने, अडखळत. तात्या एकेक शब्द वाचत राहिले. वाचता वाचता ते उंबऱ्यापाशीच खाली बसले.

"कान कवा गेले ते मलाच आदी कळलं न्हवतं, सगुणा," ते म्हणाले. "मला वाटलं, तूच हाक मारायची सोडलीस. लई दिस मी तुझ्यावर रुसून हुतो."

"आन्‌ कळल्यावर?"

"कळल्यावर लाज वाटली. म्हनलं, गावाला कळंल."

"मी गाव हाय व्हय?" काकू म्हणाल्या.

भर सभेत उभा राहिलेला माणूस तिथे पायरीवर मान खाली घालून बसला. मी निघायला वळले. चपला घालताना पाहिलं, काकूंनी सूप बाजूला सारलं, पुढे होऊन दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि आपल्याकडे वळवलं.

"अहो," त्यांनी हाक मारली.

"ओ," तात्या म्हणाले.